तरंगांच्या पेटाऱ्याला आतून काय लावलं

"हात दाखय! सगळ्यांका दाखय! लपयतंस कित्याक?"

रामनाथ ओरडत होता. देवळाच्या मंडपात, अख्ख्या गावासमोर. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. त्याचा आवाज तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीपर्यंत पोचला आणि तिथल्या एका म्हशीनं दूध आखडून धरलं — असं मी एरवी सांगितलं असतं. पेडण्यात मला लोक 'थापाडो मेस्त' म्हणतात. मेस्त म्हणजे सुतार. सुतारकीपेक्षा त्या थापाडेपणाचाच मला अभिमान जास्त होता. पण आज म्हैस राहू दे.

रामनाथसमोर त्याचा चुलतभाऊ सगुण उभा होता. अंगानं उघडा, कमरेला सोवळं, दोन्ही हात पाठीमागे.

"दाखय म्हणतंय ना!"

सगुणनं हात पुढे केले. बोटांपासून कोपरापर्यंत फोड. पाण्यानं टरारलेले, करवंदाएवढे — हे वाढवून सांगत नाही. गळ्यावर फोड, एका कानामागे फोड. आणि छातीवर, या काखेपासून त्या काखेपर्यंत, एक लाल पट्टा. पट्टी धरून आखावा तसा सरळ. बायकांनी पदर तोंडाला लावले. मागून कुणीतरी म्हणालं, "देवान चाबूक मारलो."

तो पट्टा दीड इंच रुंद होता. मला मोजावा लागला नाही. ज्या फळीच्या काठानं तो उमटवला, ती फणसाची फळी मी माझ्या हातानं रंधा मारून गुळगुळीत केली होती.

मी तिसऱ्या खांबाला टेकून उभा होतो, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं — खोटं. सांगायला होतं. एकच वाक्य होतं. ते मी बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवाला तर नाहीच. त्याला ठाऊकच असणार, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला काय डोंबल सांगायचं? तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

तुम्ही वरच्या मुलखातले असाल तर आधी तरंग म्हणजे काय ते ऐका. उंच काठी, तळाशी धरण्यापुरती मोकळी, बाकी वरपर्यंत गुंडाळलेली लुगडी, डोक्यावर चांदीचं छत्र. आमच्याकडे दसऱ्याला देव असा उभा राहून गावात फिरतो. ती लुगडी वर्षभर एका पेटाऱ्यात असतात. ती काढायची, तरंगांना नेसवायची आणि सण सरला की उतरवून परत ठेवायची, हा मान एकाच घराचा. आमच्या गावात तो सगुणच्या घरचा, त्याच्या पणज्यापासून. काम कडक. नवरात्रभर मासळी नाही. दसऱ्याच्या आदल्या सकाळी विहिरीवर आंघोळ करून ओलेत्यानं पडद्याआड जायचं, एकट्यानं, आणि तरंग नेसवून होईपर्यंत तोंडात काही जाता कामा नये. पाण्याचा घोटसुद्धा नाही. सगुणकडे दोन काजूची झाडं आणि एक लंगडी गाय. बाकी त्याच्याजवळ जे काही होतं ते हेच होतं — की गावात त्या लुगड्यांना हात लावणारा तो एकटा.

जुना पेटारा वाळवीनं खाल्ला. लुगड्यांची चाळण झाली. देवस्थाननं नवीन लुगडी घेतली आणि नवा पेटारा करायला मला सांगितलं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं ऐका. पेटी करणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. बाहेरून काय लावायचं, तो सोपा. बघणाऱ्याच्या डोळ्यात चकाकी गेली की झालं. आतून काय लावायचं, हा खरा. कारण आत जे राहतं ते त्या लाकडाला चिकटून राहतं, अंधारात, वर्षानुवर्षं. माझा बाप सांगायचा: धान्याच्या कोठीला आतून काही नको, कोरं लाकूड. मसाल्याच्या खणाला मेण. कपड्यांच्या पेटीला स्पिरिटात विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्यानं तीन हात. विडी ओढून होईतो सुकते. मग वास नाही, डाग नाही. आणि तेल? तेलाला वारा लागतो. बंद पेटीत तेल सुकत नाही, आंबतं. जवसाचं तेल लावलेल्या कपाटात शालू ठेवलेली नवरी सासरी गेली की लोक विचारतात, माहेरी घाणा होता काय गो? हे सगळं मला पाटीवर माझं नाव लिहिता येण्याआधीपासून येत होतं. म्हणजे चूक अज्ञानातून झाली असं म्हणायची सोय मला नाही.

देवळाच्या पायरीवर बसलो होतो आम्ही आठ-दहा जण. वाळवीचा विषय निघाला आणि मी सुटलो. काजूच्या टरफलाचं तेल! कोरगावच्या बाजूला काजू फोडतात तिथून डब्यानं मिळतं, काळं, काकवीसारखं. घराच्या वाशांना लावतात, होडीच्या बुडाला लावतात. मी म्हटलं, वाळवीला नुसता वास आला तरी ती बिऱ्हाड आवरून बेळगावची बस धरते. म्हटलं, माझ्या आजानं हे तेल लावून तेरेखोलात होडी सोडलेली. होडी कुजून गेली, तेल अजून तरंगतंय!

लोक हसले. लोक हसले की मला चढते. आणि तेवढ्यात सगुण, जो एरवी महिन्यात चार शब्द बोलायचा, शांतपणे म्हणाला, "मेस्ता, ही होडी नाय. लुगडी ठेवची आसत. आतून लाखच लाव."

लोक पुन्हा हसले. पण माझ्या थापेला हसणं वेगळं आणि मला हसणं वेगळं. तो फरक माझ्याइतका कुणाला कळणार? एक काजूवाला, लंगड्या गायीचा मालक, चारचौघांत मेस्ताला लाकूड शिकवतो — आणि वर बरोबर शिकवतो!

"बरा सगुणा, लाख तर लाख," मी म्हटलं. आणि घरी जाऊन तेल लावलं. दोन हात, चांगलं जिरवून. वर लाखेचा एक हात मारला, चकाकी दिसावी, त्याला वाटावं की त्याचं ऐकलं.

का? वाळवीसाठी, असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. मी स्वतःलाही थापा मारतो. घरचं गिऱ्हाईक आहे. मला दहा वर्षांनी तो पेटारा उघडून म्हणायचं होतं — बघ, एक भोक नाही. आणि आत काय आहे ठाऊक आहे तुला, शहाण्या? एवढंच. एवढ्याशा वाक्यासाठी.

ते तेल अंगाला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं, हे ठाऊक होतं का? काजू फोडणाऱ्या बायकांचे हात मी पाहिले होते. होय, ठाऊक होतं. पण सुकल्यावर काही करत नाही, होड्यांवर पोरं लोळतात — हेही ठाऊक होतं. होडी उन्हावाऱ्यात पडलेली असते. मी पेटाऱ्याला झाकण केलं होतं. असं बेतानं बसवलं होतं की आत मुंगीचा श्वास जाणार नाही. वैशाखात लुगडी आत गेली, कुलूप लागलं. मग चार महिने पाऊस. लाखेला दमट हवा सोसत नाही. ती पांढरी पडली, तडकली, आणि खालचं तेल घामासारखं वर आलं.

आणि पेटारा मी खोल केला होता. गरजेपेक्षा हातभर खोल. देखणा दिसतो म्हणून.

त्या सकाळी सगुण पडद्याआड गेला, ओलेता, उघडा. तळाची लुगडी काढायला त्याला छातीवर पालथं पडून आत वाकावं लागलं. एकेक करून नऊ लुगडी. घड्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, त्यानं त्या झटकल्या, खांद्यावर टाकल्या, नेसवल्या. दसऱ्याच्या संध्याकाळी त्याच्या हातांची आग व्हायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावरच्या हॉटेलात मी चहात पाव बुडवत होतो. विषय दुसरा कसला असणार? फोड कुठे आलेत, कसे आलेत, सगळं मी ऐकलं. तेव्हा मला अजून नक्की कळलं नव्हतं — नाही. कळलं होतं. 'छातीवर सरळ रेघ' एवढं कानावर पडलं आणि पाव चहात विरघळून गेला तरी माझं लक्ष नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "मेस्ता, तुका काय वाटता रे? देवाचो कोप?"

मला असं विचारतात ते उत्तरासाठी नसतं. गोष्टीसाठी असतं. आणि गोष्ट माझ्या तोंडातून अशी निघाली, जणू ती जिभेवर आधीच बसली होती.

"गेल्या आठवड्यात फोंड्याक गेललंय मी, बिजागऱ्यांका. खानावळीत शिरलंय. बघतंय तर समोर एक पाठ. आपल्या गावची पाठ! आणि पाठीपलीकडे ताटात बांगडो. केवढो? वल्ह्याएवढो! शेपटी ह्या मेजार, तोंड त्या मेजार. डोळो उघडो. माका म्हणता कसो, मेस्ता, नवरात्र संपला काय रे?"

हॉटेल हसून लोळलं. मग एकजण हसायचा थांबला.

"कोणाची पाठ, मेस्ता?"

"पाठीक नाव असता काय रे?" मी म्हटलं, आणि चहाची बशी तोंडाला लावली.

त्या आठवड्यात गावातून फोंड्याला दोघेच गेले होते. बिजागऱ्यांना मी, आणि तरंगांचे जरीचे गोंडे आणायला सगुण. आम्ही एकाच बसनं गेलो होतो. अख्ख्या बसनं पाहिलं होतं. नाव मला घ्यावंच लागलं नाही. पुढची बावीस वर्षं मी याच उशीवर डोकं ठेवलं — मी नाव घेतलं नव्हतं.

आता पुन्हा देवळात चला. रामनाथ विचारत होता, "फोंड्याक काय खाल्लंस? खरा सांग!"

"मी मासळी खाल्लंय नाय," सगुण म्हणाला. "देवाची आण."

आणि मग त्यानं गर्दीत नजर फिरवली. कुणाला शोधत होता? मला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "मेस्ता, तू होतंस ना फोंड्याक? तू सांग मरे ह्यांका."

हॉटेलातली गोष्ट कुणाची, हे त्याच्या कानावर गेलं नव्हतं. तो मला साक्षीला बोलावत होता. विश्वासानं. सगळे माझ्याकडे वळले. ते एक वाक्य तोंडाशी होतं: पेटाऱ्याला आतून मी काजूचं तेल लावलं. सहा शब्द. मोजून ठेवलेत.

मी म्हणालो, "माजो काय शब्द धरतंस, सगुणा? मी थापाडो माणूस."

दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना वाटलं, मेस्त भला माणूस आहे. ठाऊक असून सगुणला वाचवतोय. सगुण माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात खाली केले. पुन्हा पाठीमागे नाही, नुसते खाली.

गुरवानं कौल लावला. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, याच्या हातची सेवा मान्य असेल तर उजवी दे. डावी पडली. मी देवाला बोल लावत नाही. पेटाऱ्याला काय लावलंय, असं कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

लुगडी विटाळली म्हणून काठीनं उचलून नदीत सोडली. कुणी हात लावला नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला फोड आले नाहीत. मान रामनाथकडे गेला.

इथवर सांगितलेलं कदाचित तुम्ही पचवाल. घमेंड, भीती, जिभेचा चाळा — कुणाला नसतो? पण मी अजून खरं ते सांगितलेलं नाही. मी त्यानंतर जे केलं ते शांत डोक्यानं केलं.

मी पुढे झालो आणि म्हणालो, पेटाराही शुद्ध करून देतो, देवाचं काम, मला काही नको. लोकांनी पाठ थोपटली. पेटारा घरी आणला आणि भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, आतून रंधा मारला. तेल गेलं होतं तिथपर्यंत लाकूड सोलून काढलं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत उतले. तेच फोड, तसेच, करवंदाएवढे. पंधरा दिवस मी लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडलो, आणि कुणी विचारलं तर सांगायचो — आंबोलीच्या घाटात मधमाश्या लागल्या. राणीमाशी माझ्यावर भाळली, सोडीच ना! लोक हसायचे. माझ्या फोडांना कुणी देवाचा कोप म्हटलं नाही. माझ्याकडे गोष्ट तयार होती. सगुणकडे फक्त खरं होतं.

मग लाख लावली. तीन हात, बापानं शिकवली तशी, प्रत्येक हात घासून. असं काम मी आधी केलं नाही, नंतरही नाही. आत हात फिरवला तर शंखासारखं लागायचं.

पुढच्या दसऱ्याला रामनाथ ओलेत्यानं त्याच पेटाऱ्यात छातीवर पालथा पडला, नऊ लुगडी काढली, नेसवली. गाव वाट बघत होतं. एक दिवस, दोन दिवस, तीन. त्याच्या अंगावर एक पुळी आली नाही.

"बघलास?" हॉटेलात म्हणाले. "पेटारो तोच. माणूस बदललो."

वर्षभर निदान चार घरं तरी सगुणच्या बाजूची होती. त्या दिवशी तीही गेली. मी निर्दोष काम केलं आणि त्यानं सगुणचा दोष पक्का केला. हे मला तेव्हाच दिसत होतं. मी चहा प्यालो आणि आणखी एक गोष्ट सांगितली. कसली, ते आता आठवत नाही. लोक हसले होते.

त्या वर्षी सगुण बायकोला घेऊन डिचोलीला गेला. खनिजाचा ट्रक चालवायला लागला. गाय विकली नाही, शेजाऱ्याच्या दावणीला बांधून गेला. दसऱ्याला परत कधी आला नाही. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले. तो कुठल्याशा दुकानाच्या दारात राखणीला बसतो, असं कळायचं. मीही कधी गेलो नाही. डिचोली काय विलायत आहे? सकाळी निघालं तर जेवायला परत घरी. बावीस वर्षं.

यंदा मे महिन्यात रामनाथचा मुलगा माझ्याकडे आला. लुगडी वाढलीत, आणखी एक पेटारा हवा. आता माझे हात थरथरतात; लोक प्लायवूडची कपाटं घेतात, त्यांना आतून कागद चिकटवलेलाच येतो; आत काय लावायचं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. पण तो मुलगा जुन्या वळणाचा. सगळी मापं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "काका, आतून काय लावया?"

मी तोंड उघडलं. हजार गोष्टी आहेत माझ्याकडे. एक आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीची बस धरली.

बाजारामागच्या एका खोलीच्या दारात सगुण बसला होता, उघडाच. केस पांढरे. हातांवर, छातीवर काही नाही. डाग केव्हाच गेले होते. त्यानं मला ओळखलं, बाजूला सरकून बाकावर जागा केली. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. तेल, वरची लाख, पेटाऱ्याची खोली, फोंड्याची पाठ, बांगडा, रंधा, लांब बाह्या, सगळं. एक शब्द वाढवला नाही. माझं मलाच ते इतकं कोरडं वाटलं की मध्ये एकदा थांबून मी म्हटलं, हे खरं आहे रे. तो ऐकत होता, रस्त्याकडे बघत. मी थोबाडीत खायच्या तयारीनं गेलो होतो. शिव्यांच्या, हाकलून देण्याच्या. तो चार माणसांसमोर गावात चल म्हणाला असता तर गेलोही असतो — असं मला वाटतं. माझ्या वाटण्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

माझं संपलं. त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "असात तुजा खरा, मेस्ता. पण त्या सकाळी पडद्याआड जाताना माज्या पोटात चाय होती."